दुसऱ्या सीटचा ब्रेक

एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी सव्वीस वर्षं कारकून होतो. अर्ज भरायचे, फोटो चिकटवायचे, परीक्षेची तारीख घ्यायची, एवढंच माझं काम. त्यामुळे आयुष्यात जे काही लिहिलं ते रकान्यांत लिहिलं. नाव, वय, उंची, डोळ्यांचा दोष. एखाद्या माणसाबद्दल रकान्याबाहेर लिहायची ही पहिलीच वेळ. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते मास्तर आता नाहीत, त्यामुळे चूक दाखवायला कोणी उरलेलं नाही. पुढे ज्यांची गोष्ट येते त्या नर्सबाईंच्या हाती हे पडलं तर त्या दाखवतील. त्यांनी जरूर दाखवावी.

मास्तर आमच्याकडे शिकवायला आले तेव्हा पस्तिशीचे असतील. सडपातळ अंगकाठी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायात पातळ तळव्याचे कापडी बूट. जाड बूट घातले तर पायाला पेडल कळत नाही, असं ते म्हणत. शिकवायच्या गाडीत दोन्ही सीटपुढे पेडलं असतात. शिकवणाऱ्याच्या पायाशी ब्रेक आणि क्लच, शिकणाऱ्याच्या पायाशी तेच दोन आणि शिवाय अ‍ॅक्सिलरेटर. ही पेडलं आतून जोडलेली असतात. शेजारच्याने क्लच दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचा क्लचही आपोआप खाली जातो. ही सोय असते संकटासाठी. मास्तर तिचा वापर वेगळाच करत.

पहिल्या आठवड्यात शिकणाऱ्याचा पाय पेडलवर नुसता टेकलेला असे. गाडी चालवत मास्तर. क्लच हलकेच सोडत, वळणावर ब्रेकवर किंचित वजन टाकत, आणि खिडकीबाहेर बघत म्हणत, "बघा, किती अलगद सोडलात. तुम्हीच केलंत हं." शिकणाऱ्याच्या पायाखाली पेडल हललेलं असे, गाडी धक्का न देता निघालेली असे. मग त्याला वाटे, आपणच केलं असणार. दुसऱ्या आठवड्यात मास्तरांचा पाय अर्धं काम करे, तिसऱ्यात पाव. शेवटच्या दिवशी ते बूट काढून सीटवर चक्क मांडी घालून बसत, म्हणजे त्यांचे पाय पेडलवर नाहीत हे शिकणाऱ्याला दिसावं. तो दिवस येईपर्यंत माणूस खरंच शिकलेला असे.

ऑफिसात त्यांना सगळे 'तुम्हीच मास्तर' म्हणत. त्यांच्या तोंडावरही म्हणत.

दुसरा एक शिकवणारा होता, त्याला आम्ही भोंगा म्हणायचो. त्याचा आवाज गाडी कोपऱ्यावर येण्याआधी ऑफिसात पोचायचा. "अहो काकू, रस्ता समोर आहे, माझ्या तोंडावर नाही." एकदा तो एका आजोबांना म्हणाला, "तुम्हाला लायसन्स मिळालं तर मी गाव सोडून जाईन." मास्तरांनी त्या आजोबांना आपल्या गाडीत घेतलं. दीड महिन्याने भोंग्याच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवून म्हणाले, "सामान बांध. आजोबा स्टँडवर सोडायला तयार आहेत."

भोंगाही काही कमी नव्हता. "यांच्या गाडीत माणूस गाडी चालवत नाही," तो म्हणायचा, "गाडीच माणसाला चालवते."

मास्तरांचे काही नियम होते. 'घाबरू नका' हे शब्द त्यांच्या गाडीत कधी निघत नसत. "घाबरू नका म्हटलं की माणसाला आधी घाबरणंच ऐकू येतं," ते म्हणत. खड्डा दिसला तर 'खड्डा चुकवा' म्हणायचं नाही, 'डावीकडचा सपाट रस्ता घ्या' म्हणायचं. गाडी बंद पडली तर 'गाडी जरा विसावली.' आणि प्रत्येकाला घरचा अभ्यास असे. झोपण्याआधी पाच मिनिटं डोळे मिटून, घरापासून बाजारापर्यंत मनातल्या मनात गाडी न्यायची, एकही चूक न करता. एका बाईंनी ऑफिसात येऊन तक्रार केली होती की नवरा झोपेत त्यांच्या मनगटाचा गिअर बदलतो.

घरीही हेच. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाल्या होत्या, "दूध उतू गेलं ना, तर म्हणतात, गॅस किती चपळाईने बंद केलास. भाऊजी, तुम्हीच सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं?"

हे सगळं त्यांनी कुठून उचललं ते एकदा चहाच्या टपरीवर त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडील त्यांना 'दगड' म्हणून हाक मारत, चारचौघांतसुद्धा. शाळा सुटली, एका कारखान्यात कानशीने लोखंड घासायचं काम शिकायला लावलं. तिथेही हात चालेना. एक दिवस फोरमन मागे येऊन उभा राहिला, टेबलावरचा एक तुकडा उचलून बोट फिरवलं आणि म्हणाला, "तुझ्या हाताला लोखंड कळतं." बस, तेवढंच. मास्तर म्हणाले, त्या दिवसापासून खरंच कळायला लागलं.

"आणि गंमत सांगू का कारकून," ते म्हणाले, "तो तुकडा माझा नव्हता. शेजारच्याचा होता. त्याचा माल माझ्या बाजूला सरकला होता."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगणार होतो. पण आधी एकदा करून बघितलं. जमलं. मग काय सांगायचं?" चहा संपवून त्यांनी पेला उपडा ठेवला. "शब्द खरा असायलाच हवा असं नाही रे. वेळेवर पडायला हवा. मग तो आपला आपण खरा होतो."

मी तेव्हा मान हलवली. कोणी ठामपणे काही बोललं की मी मान हलवतो, ही माझी जुनी खोड. पण त्या वेळी मला पटलंही होतं, कारण मीसुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकलो होतो. त्रेचाळिसाव्या वर्षी. रस्तासुद्धा मी दुसऱ्या कोणाच्या तरी मागून ओलांडायचो. दुसऱ्या पेडलांची गोष्ट मला माहीत होती, रोज त्याच गाड्यांचे कागद भरत होतो. तरी "तुम्हीच केलंत" ऐकलं की पाठ ताठ व्हायची. कळत असूनही लागू पडतं, असलं ते औषध होतं.

अशी वीस वर्षं गेली.

वर्षातून एकदा शिकवणाऱ्यांचे डोळे तपासायला एक वयस्कर डॉक्टर ऑफिसात येत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी. त्या वर्षी मालकांनी जुना पिवळा पडलेला तक्ता काढून नवा लावला होता. त्यातली अक्षरं वेगळी होती. मास्तर समोर उभे राहिले. डॉक्टरांनी डावा डोळा झाकायला सांगितला. मास्तरांनी उजव्या डोळ्याने सगळ्यात खालची ओळ घडाघडा म्हणून दाखवली.

ती जुन्या तक्त्याची ओळ होती.

डॉक्टर खाली मान घालून आधीच्या माणसाचा फॉर्म भरत होते. "छान. आता दुसरा," म्हणाले. मास्तरांनी हात बदलला, डाव्या डोळ्याने तक्त्याकडे पाहिलं आणि गप्प झाले. आपण काय म्हणून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. मग एकेक अक्षर सावकाश, बरोबर वाचलं. डॉक्टरांनी सही केली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्म घेतला आणि डोळ्यांच्या रकान्यात 'दोष नाही' असं लिहिलं.

संध्याकाळी ते गाडी धूत होते तिथे मी गेलो. काय बोलावं ते जुळवतच होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "उजव्याला जरा धुकं येतं. दोन वर्षं झाली."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं की तो नाव ठेवणार त्याला. एकदा नाव ठेवलं की ते घरात राहायला येतं." फडकं पिळत ते म्हणाले, "रोज सकाळी उठलो की स्वतःला सांगतो, स्वच्छ दिसतंय. आणि दिसतं, कारकून. तासाभराने खरंच दिसायला लागतं."

तेव्हा मी एक शब्द बोलायला हवा होता. मालकांना नाही तर निदान वहिनींना सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. भिडेपोटी, हे एक. पण दुसरंही होतं, ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, या माणसाच्या शब्दाने शेकडो थरथरणारे हात स्थिर झाले, माझे झाले. मग डोळ्यावर का चालणार नाही? डोळ्याच्या नसेला शिकवता येत नाही, हे कुणालाही कळतं. आम्हा दोघांना ते कळलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी नर्सबाई आल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, बोलणं कमी. इस्पितळाच्या वॉर्डात सतरा वर्षं काम करून त्यांचे गुडघे गेले होते. एका दवाखान्यात घरोघर जाऊन रुग्ण बघायची जागा निघाली होती. अंथरुणाला खिळलेल्यांची ड्रेसिंग करायची, इंजेक्शन द्यायची. जागा यांनाच मिळणार होती, पण अट होती गाडी चालवण्याची. पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत लायसन्स दाखवायचं. आधी दुसऱ्या स्कूलमधून दोनदा नापास झाल्या होत्या.

अर्ज भरताना मी विचारलं, "आधीचा अनुभव?"

"लिहा, शून्य," त्या म्हणाल्या. "घरात सगळे म्हणतात, तुला सायकलसुद्धा दोन वर्षांनी आली."

मागून मास्तर म्हणाले, "आली ना? विसरलात का परत?"

"नाही."

"मग हळू येतं ते पक्कं येतं. चला, बसा."

दहाव्या दिवशी त्या ऑफिसात आल्या तेव्हा चेहरा वेगळा होता. मला म्हणाल्या, "आज चढावर गाडी थांबवली आणि उचलली. मागे नाही गेली, बोटभरसुद्धा." मास्तर दारात उभे राहून म्हणाले, "आता गाडी बघून ठेवा." आणि बाईंनी खरंच घेतली. जुनी, छोटी, राखाडी रंगाची. घरासमोर उभी करून वर चादर घातली.

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, धान्यबाजारामागच्या रस्त्यावर उजवीकडच्या गल्लीतून एक सुतार सायकलवरून बाहेर आला. हँडलला हत्यारांची पिशवी. नर्सबाईंना तो दिसला. हे त्यांनी नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं, तो मला दिसला होता. पण मास्तर काही बोलले नाहीत, गाडीनेही काही केलं नाही. अशा वेळी गाडी नेहमी आपणहून थोडी मंद व्हायची, आणि ते बाईंचंच कसब आहे असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यांना वाटलं, गाडी मंद झाली नाही म्हणजे आपला अंदाज बरोबर असेल, निघून जाईल तो. त्यांनी पाय ब्रेकवर नेला तेव्हा उशीर झाला होता.

सुताराचं मनगट मोडलं, उजवं. बाईंनी तिथेच रस्त्यावर बसून त्याच्याच पिशवीतली लाकडी मोजपट्टी लावून, ओढणीने हात बांधला. तो म्हणत होता, "बाई, हात चांगला बांधता." त्या गाठ पुन्हा तपासत होत्या. मास्तर गाडीच्या दाराला धरून उभे होते आणि ज्या गल्लीतून सायकल आली त्या गल्लीकडे मान पूर्ण वळवून बघत होते, ती तिथे कधी नव्हतीच असं.

अपघाताचा अहवाल लिहायचं काम माझं. मालकांनी सांगितलं तसा लिहिला. 'शिकाऊ चालकाने वेळेवर ब्रेक दाबला नाही.' वाक्य खोटं नव्हतं. नर्सबाईंना सहीसाठी बोलावलं. त्यांनी वाचलंसुद्धा नाही. सही करून म्हणाल्या, "आधीच्या स्कूलवाल्यांनी सांगितलं होतं, तुमचं हे काम नाही. ऐकायला हवं होतं." मास्तर तेव्हा आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत.

वहिनींनी त्यांना डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. काचबिंदू निघाला, बराच पुढे गेलेला. उजवा डोळा गेल्यातच जमा होता आणि डाव्याचीही कड खाल्ली गेली होती. वेळेवर आले असते तर औषधावर थांबला असता, डॉक्टर म्हणाले. तिथून आल्यावर आठ दिवस मास्तर घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले.

"कारकून, चल. तिच्याकडे जायचंय. महिना संपायला पाच दिवस आहेत."

नर्सबाईंचं घर एका लांब गल्लीत होतं. दोन खोल्या, बाहेर चादरीखालची गाडी. त्यांच्या आईने दार उघडलं, नर्सबाई आत वॉर्डचा गणवेश इस्त्री करत होत्या. आम्हाला बघून त्यांनी इस्त्री उभी केली.

मास्तरांनी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "चूक माझी होती. मला तो सुतार दिसलाच नाही. मला त्या बाजूचं दिसत नाही. ब्रेक माझ्या पायाशी होता."

"पण मला तर दिसला होता," बाई म्हणाल्या. "गाडी माझ्या हातात होती."

"तुमच्या एकटीच्या नव्हती." आणि मग त्यांनी ते सांगितलं. दुसरी पेडलं, पाय कसा ठेवतात, पहिला आठवडा, दुसरा आठवडा. वीस वर्षांत कोणत्याही शिकणाऱ्याला न सांगितलेलं सगळं. मी खिडकीकडे बघत होतो.

बाईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग त्यांनी विचारलं, "दहाव्या दिवशी? चढावर?"

मास्तरांनी दाराकडे मान वळवली.

"मास्तर, मी चढाचं विचारते आहे. ती गाडी मी उचलली की तुम्ही?"

"थोडी तुम्ही."

"थोडी म्हणजे किती?"

मास्तरांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले. "खरं सांगू? आठवत नाही. दिवसात चार-पाच शिकाऊ असतात. पाय आपला आपण जातो. तुम्हीच केलंत असं म्हणता म्हणता मलाही तेच खरं वाटतं."

आतून आई म्हणाली, "अगं, चहा टाकू का?" आणि उत्तराची वाट न बघता तिने टाकला.

"सुताराच्या वेळची चूक तुम्ही अंगावर घेतलीत, उपकार झाले," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पण तिच्याबरोबर ते दहा दिवसही घेऊन चाललात. चूक तुमची आणि चढही तुमचा. मग माझं काय राहिलं?"

मास्तर एकदम उठले. "बाहेर तुमची गाडी आहे ना? ती साधी गाडी. तिला दुसरी पेडलं नाहीत. मी नुसता शेजारी बसतो, मला दिसतही नाही. कारकून मागे बसेल, त्याचं लायसन्स आहे. गल्लीच्या टोकापर्यंत न्या आणि वळवून आणा. मग तुम्हीच ठरवा कोणी चालवली ते."

त्या तयार होतील असं मला वाटलं नव्हतं. पण आईने चहाचे कप ठेवता ठेवता "जा गं, एवढे आलेत तर" म्हटलं, आणि त्या चादर काढायला गेल्या.

मी मागच्या सीटवर बसलो. मास्तर पुढे, हात मांडीवर उताणे ठेवून. त्यांच्या पायाशी नुसती रबरी चटई होती. बाईंनी दोनदा वाकून तिथे पाहिलं. मग किल्ली फिरवली.

गाडी निघाली. धक्का नाही, हिसका नाही. दुसरा गिअर पडला तो मला कळलासुद्धा नाही. मास्तर काही बोलत नव्हते, मला वाटतं त्यांनी ठरवून तोंड बंद ठेवलं होतं. एका घराच्या फाटकातून कुत्रं धावत आडवं आलं. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी वीतभर अंतर राखून थांबली, कुत्रं निघून गेलं, गाडी पुन्हा निघाली. टोकाला पाण्याची टाकी होती, तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेत त्यांनी तीनदा पुढे-मागे घेऊन गाडी वळवली आणि परत आणून घराच्या भिंतीला समांतर लावली. परीक्षेत याहून वेगळं काही करायचं नसतं. सव्वीस वर्षांत मी शेकडो पास झालेले पाहिले, त्यांतले निम्मे इतकं नीट चालवत नव्हते.

गाडी बंद करून त्या तशाच बसल्या. हात चाकावर.

"झालं ना?" मास्तर हळूच म्हणाले. "कोणी चालवली?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"माझ्या पायाशी काही नाही, बाई."

"बघितलं मी. काही नाही ते दिसतंय." त्यांनी किल्ली काढली. "कुत्रं आलं तेव्हा मी ब्रेक दाबला, हेही कळलं. पण दाबताना सगळा वेळ वाट बघत होते, तुमचा पाय आधी पडेल म्हणून. तो नाही पडला म्हणून माझा पडला. उद्या मी एकटी असेन, घाईत असेन, कोणाच्या इंजेक्शनची वेळ टळत चाललेली असेल, आणि मी वाट बघत बसेन. मधे कोणी सायकलवाला येईल." मग त्या जरा थांबल्या. "वॉर्डात कोणी मला म्हणालं, सुई छान टोचलीस, तर मी टोचलेली असते. मला तसं लागतं. त्याला काय करू?"

मास्तरांना सांगायला शब्द नव्हता असं नाही, तो 'तुम्हीच केलंत' होताच. पण तो आता कोणत्या तोंडाने उच्चारायचा, असं काहीसं त्यांना झालं असावं. मला त्या वेळी बोलता आलं असतं. मी मागे बसलो होतो, सगळं पाहिलं होतं, आणि माझा पाय कुठल्याच पेडलवर कधी नव्हता. बाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलंही. मी म्हणालो, "बाई, चांगली चालवलीत." पण माझा आवाज असा आहे की मी वेळ सांगितली तरी लोक घड्याळ बघतात. त्या फक्त "हो का" म्हणाल्या आणि उतरल्या.

परीक्षेच्या तारखेला त्या आल्या नाहीत. त्यांचा अर्ज मी महिनाअखेरीनंतरही आठवडाभर टेबलावर ठेवला, मग फाइलला लावला. दवाखान्याची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. राखाडी गाडी विकली असं कानावर आलं. बाई वॉर्डातच राहिल्या. पुढे माझ्या बायकोला तिथे ठेवलं होतं तेव्हा दिसल्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून चालत होत्या. मला ओळखलं. मास्तरांबद्दल विचारलं नाही, मीही काही काढलं नाही. सुई मात्र त्यांनी अशी टोचली की बायकोला कळलंसुद्धा नाही.

मास्तरांनी त्यानंतर शिकवणं सोडलं. घरी ते तसे शांत असत. वहिनी म्हणायच्या, दूध उतू गेलं तर आता काहीच बोलत नाहीत. त्यांना बाहेर कोणी नेलं तर आवडे, म्हणून मी रविवारी जात असे आणि ते माझ्या कोपराला धरून चालत. चार वर्षं असा गेलो. त्यांनी त्या दिवसाचा विषय काढला तो एकदाच, आणि तोही त्याच संध्याकाळी, नर्सबाईंच्या गल्लीतून परत येताना.

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो होतो. रहदारी होती, मी त्यांना आतल्या बाजूला घेतलं होतं. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "ते कुत्रं आलं तेव्हा ब्रेक वेळेवर दाबला का रे तिने?"

"हो," मी म्हणालो.

"किती जागा राहिली मधे?"

"वीतभर."

"आणि वळण?"

"तीनदा पुढे-मागे. कुठे टेकली नाही. मास्तर, तिने सगळं नीट केलं. अगदी नीट."

ते थांबले. माझा कोपर त्यांनी सोडला नाही, पण मान माझ्याकडे वळवली, डाव्या डोळ्याच्या उरलेल्या नजरेत मी येईन इतकी. माझा चेहरा ते बराच वेळ बघत होते.

"तू माझं मन राखायला म्हणतोस," ते म्हणाले.

"नाही हो. मी डोळ्यांनी पाहिलं."

"असेल," ते म्हणाले, आणि आम्ही चालायला लागलो.